पाऊण तास फिजिओ, उरलेले सव्वातेवीस तास घर

लेकाच्या मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट मार्च २०२२ मध्ये हातात आला. त्यातले दोन शब्द पुढे पाठ झाले: पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दुखावलेला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हाच भाग नाजूक असतो. पायांकडे जाणारे तंतू त्या पोकळ्यांना अगदी लागून जातात, म्हणून हात बरे आणि पाय ताठ असं दिसतं. याचं नाव स्पास्टिक डायप्लेजिया, सेरेब्रल पाल्सीचा म्हणजे सीपीचा एक प्रकार. लेक तेव्हा चौदा महिन्यांचा होता. जन्म ३१ आठवड्यांचा, त्यामुळे नऊ आठवडे वजा करून वय साधारण बारा महिने धरायचं. याला दुरुस्त वय म्हणतात, आणि पहिली दोन वर्षं सगळी मोजमापं त्यावरूनच होतात.

एमआरआयचे साडेसात हजार आणि भुलीचे दोन हजार वेगळे लागले. पण कागदावर निदान येण्याची वाट बघण्यात आमचे सहा महिने गेले, ते जायला नको होते. लंगोट बदलताना मांड्या उघडत नव्हत्या. उभं धरलं की पायांची कात्री व्हायची आणि तो चवड्यांवर यायचा. बसवलं की पाठीची कमान करून माकडहाडावर बसायचा. ‘सातमाशी आहे, सावकाश करेल’ असं सगळीकडून ऐकलं आणि आपल्यालाही तेच खरं वाटायला हवं असतं. पेटीत ठेवलेलं बाळ घरी आलं असेल, तर ही लक्षणं लक्षात ठेवा: चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट असणं, दुरुस्त वयाच्या नवव्या महिन्यातही आधाराशिवाय न बसणं, वर्षाच्या आतच सगळं एकाच हाताने उचलणं. यातलं एकही दिसलं तरी निदानाची वाट न बघता थेरपी सुरू करता येते. सीपी नाही असं पुढे निघालंच, तरी त्यात काही बिघडत नाही.

सरकारी वाट आम्हाला उशिरा कळली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, डोळे तपासणारे असे सगळे एका छताखाली, आणि फुकट. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक तिथे पाठवतं, थेट गेलं तरी घेतात. आम्हाला पहिली तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. आमच्या गावापासून एसटीने दोन तास जायला, दोन तास यायला. आठवड्यातून एकदाच जमायचं. म्हणून तालुक्याच्या गावी खासगी फिजिओही लावला. पाऊण तासाचे चारशे रुपये, आठवड्यातून तीनदा. महिन्याला पाच हजारांच्या आसपास.

पहिले चार महिने आम्ही जे केलं, त्याला घरची थेरपी म्हणू नये. केंद्रात करतात तेच स्ट्रेचिंग घरी तीन वेळा. पोटऱ्या, मांडीच्या मागचे स्नायू, मांडीच्या आतले स्नायू, प्रत्येकी दहादा. तो रडायचा, आम्ही घड्याळाकडे बघायचो. यात दोन चुका होत्या. मूल रडलं की अंग आणखी ताठ होतं, म्हणजे ज्याच्याशी झगडतोय तेच वाढतं. दुसरं, स्नायूला मिनिटभर ताणून सोडलं तर त्याच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. स्नायू लांब राहावा असं वाटत असेल, तर तो रोज काही तास लांब स्थितीत राहायला हवा. ते काम हाताचं नाही. बसण्याचं, झोपण्याचं, उभं राहण्याचं आणि पायाला बांधायच्या स्प्लिंटचं आहे.

जुलैमध्ये पुण्याच्या एका थेरपिस्टबाईंनी व्यायामाचा एकही कागद न देता उलट आम्हालाच काम दिलं. म्हणाल्या, “कालचा दिवस सकाळी उठल्यापासून लिहून काढा. कुठे होता, कसा होता, किती वेळ.” रात्रीची झोप सोडून जे लिहिलं ते असं: झोळीत साडेतीन तास, कुणाच्या तरी मांडीवर चार तास, टीव्हीसमोर गुडघे दुमडून पाय मागे टाकून अडीच तास, बाबागाडीत (चाकांच्या वॉकरमध्ये) दीड तास, व्यायाम चाळीस मिनिटं. त्या पानावर नजर टाकली तरी कळत होतं की चाळीस मिनिटांत जे मिळवायचो ते उरलेल्या वेळात घालवत होतो. पुढची अडीच वर्षं त्या पानातली एकेक ओळ बदलण्यात गेली.

सगळ्यात आधी बाबागाडी बंद केली. तिच्यात मूल चवड्यांनी जमीन ढकलतं. ज्याला चवड्यांवर यायचीच सवय आहे, त्याला ती रोज तोच सराव देते. झोळी मोडायला घरात जास्त वाद झाले. झोळीत मांड्या जवळ येतात, पाठ गोल होते, पाय झाडायला जागा उरत नाही. झोपण्यापुरती वीस मिनिटं चालते, दुपारभर नाही. त्याऐवजी खाली सतरंजी आणि एका कुशीवर निजवणं. पाठीमागे घट्ट गुंडाळलेली सोलापुरी चादर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, वरचा पाय जरा पुढे. या स्थितीत दोन्ही हात आपोआप समोर येतात, त्यामुळे खेळणंही होतं.

मालिशवाल्या बाईंचं काय करायचं हा प्रश्न बहुतेक घरांत येतो. तेल लावून हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, मुलाला ते आवडतंही. पण हातपाय उलटसुलट ओढून सांधे मोकळे करणं, पाय डोक्याला लावणं हे बंद. जी मुलं पायावर भार देत नाहीत त्यांची हाडं विरळ असतात आणि जोर लावला तर मोडू शकतात. आजीला हे सांगताना ‘तुमचं चुकतंय’ असं म्हणण्यापेक्षा फिजिओसमोर आजींनाच बसवलं तर जास्त उपयोग होतो. आमच्याकडे पुढे सगळ्यात नेमाने थेरपी तिनेच केली.

आपल्याकडची एक जुनी रीत मात्र इथे अगदी कामाची आहे: कडेवर घेणं. दोन्ही पाय आपल्या कमरेच्या दोन बाजूंना येतात, मांड्या उघडतात, मूल स्वतःची पाठ सरळ धरतं. खांद्यावर आडवं टाकण्यापेक्षा किंवा दोन हातांवर पाळण्यासारखं धरण्यापेक्षा हे शंभरदा बरं. दर वेळी बाजू बदलायची. एकाच कडेवर घेतलं तर त्याचंही अंग एका बाजूला कलतं आणि आपली कंबरही धरते. जमिनीवरून उचलताना ताठ पायांना ओढू नये. आधी कुशीवर वळवावं, गुडघे पोटाकडे दुमडावेत, मग उचलावं. कंबरेतून दुमडलं की टाचेपर्यंतचा ताठपणा सैलावतो. कपडे घालतानाही तेच. लहान स्टुलावर बसवून, गुडघे दुमडलेले ठेवून, जास्त ताठ पाय आधी चड्डीत घालायचा.

पाय मागे टाकून इंग्रजी डब्ल्यूसारखं बसणं ही आमची जुनी डोकेदुखी. तसं बसल्याने मांड्या आत वळलेल्याच राहतात. पण मूल तसं का बसतं तेही समजून घ्यायला हवं. तेवढ्या एका बैठकीत त्याला पडण्याची भीती नसते आणि हात मोकळे राहतात. दर वेळी ‘नीट बस’ म्हणून ओरडून काही होत नाही, दुसरी तितकीच पक्की बैठक द्यावी लागते. पाय लांब करून बसवलं तर मांडीमागचे स्नायू ताणले जातात आणि कंबर मागे कलते. यावर उपाय साधा निघाला: बुडाखाली आठ-दहा सेंटीमीटर उंचीची घडी घातलेली गोधडी. कंबर पुढे झुकते आणि पाठ आपसूक सरळ होते. आणखी चांगलं म्हणजे लहान स्टूल. बूड गुडघ्यांच्या उंचीवर, दोन्ही तळवे जमिनीवर.

मग खुर्ची. सरकारी योजनेतून अलिम्को या सरकारी कंपनीची सीपी चेअर मिळते. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि मोजमाप शिबिर हे सगळं जुळून यावं लागतं. आमच्याकडे प्रमाणपत्रच नव्हतं, म्हणून गावातल्या सुतारमामांना गाठलं. बारा मिलीमीटर प्लायवूड, वर योगा मॅट कापून चिकटवलेली, मजुरी धरून २,३०० रुपये. मापं अशी घ्यायची. मूल टेबलावर गुडघे दुमडून बसवा. बुडाच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या खळगीपर्यंतचं अंतर मोजून त्यातून दोन बोटं वजा केली की सीटची खोली. पूर्ण अंतर ठेवलं तर कड पोटरीत रुतते आणि मूल पुढे घसरतं. गुडघ्याच्या खळगीपासून टाचेपर्यंत म्हणजे सीट ते पायपट्टी. कंबरेची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना एकेक बोट. बसल्यावर कोपर जिथे येतं ती ट्रेची उंची. कंबर, गुडघा, घोटा तिन्ही काटकोनात आले पाहिजेत.

पहिल्या खुर्चीत आमच्याकडून दोन चुका झाल्या. पट्टा पोटावर बांधला. दहा मिनिटांत तो खाली घसरायचा आणि पट्टा छातीवर यायचा. पट्टा जांघेतून, मांड्यांवर तिरका खाली ओढलेला हवा, म्हणजे बूड मागे धरून राहतं. दुसरी चूक मधल्या लाकडी ठोकळ्याची. लेक घसरू नये म्हणून आम्ही ठोकळा अगदी जांघेजवळ बसवला होता. ठोकळ्याचं काम गुडघे लांब ठेवण्याचं, घसरण थांबवण्याचं नाही, म्हणून तो गुडघ्यांच्या मध्ये हवा. घसरण थांबवायला सीटच्या पुढच्या भागात दोन सेंटीमीटरचा उंचवटा दिला. पायपट्टीला दर तीन सेंटीमीटरवर भोकं पाडून घेतली, त्यामुळे तीच खुर्ची दोन वर्षं पुरली.

उभं राहायची फ्रेम ऑक्टोबरमध्ये आली. तीही सुतारमामांनीच केली, साडेचार हजारांत. नमुना थेरपिस्टबाईंनी काढून दिला. उभं का करायचं? मूल जन्मतं तेव्हा खुब्याची वाटी उथळ असते आणि भार पडत गेला की खोल होत जाते. भार नसेल तर ती उथळच राहते. मात्रा आम्हाला सांगितली ती अशी: दिवसाला पाऊण ते एक तास, आठवड्यातून पाच दिवस, दोन्ही पाय मिळून तीस ते साठ अंश फाकलेले, टाचा टेकलेल्या. पहिल्या दिवशी पाच मिनिटं राहिला. दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवत दोन महिन्यांत अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन वेळा जमल्या. नुसतं उभं केलं तर कुठलंही मूल कंटाळतं. म्हणून फ्रेम ओट्याला लावायची आणि समोर कणकेचा गोळा द्यायचा. मटार सोलणं, शेंगा फोडणं, ताटलीत पाणी घेऊन चमच्याने वाटीत भरणं हे सगळं उभ्यानेच.

‘व्यायाम’ हा शब्दही याच सुमारास घरातून गेला आणि ‘या महिन्याचं काम’ आलं. २००९ साली ऑस्ट्रेलियात घरच्या कार्यक्रमाची नीट चाचणी झाली होती. त्यात घरच्यांनी स्वतः उद्दिष्टं ठरवली, थेरपिस्टने ती कशी साधायची ते शिकवलं आणि आठ आठवडे काम झालं. त्या कुटुंबांनी सरासरी महिन्याला सतरा-अठरा वेळा, दर वेळी सोळा-सतरा मिनिटं एवढंच केलं होतं, तरी मुलांमध्ये फरक दिसला. हे ऐकून फार हलकं वाटलं. रोज तीन तास जमत नाहीत म्हणून मनाला लावून घेणं तरी थांबलं.

उद्दिष्ट ‘पाय मजबूत करणं’ असं नको. घडलं की नाही हे शेजारीणसुद्धा सांगू शकेल असं हवं. आमचं पहिलं होतं: स्टुलावरून उठून खाटेचा कठडा धरून दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहणं. बसायची उंची आम्ही जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी ठरवली. सुतळीने आवळून बांधलेले तीन गठ्ठे, वर पातळ गादी. उंच बैठकीवरून उठणं सोपं, म्हणून सुरुवात गुडघ्याच्या जरा वर. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, टाचा टेकलेल्या. समोर खाली खेळणं धरायचं, म्हणजे तो नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतका वाकतो आणि मगच बूड सुटतं. मदत गुडघ्यांना करायची, हात धरून वर ओढायचं नाही. ओढलं की पाठ मागे ताठते, पाय सरळ होतात आणि तो चवड्यांवर उभा राहतो. उठणं दिसतं, पण स्वतःहून तो उठलेला नसतो. पाच पाच वेळा तीन फेऱ्या, मधे दोन मिनिटं थांबून. दहा वेळा व्यवस्थित उठू लागला की वरचे काही अंक काढून दोन सेंटीमीटर उंची कमी. ऑगस्टमध्ये सुरू केलं, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा गठ्ठा रद्दीत गेला. ताठ स्नायूंना ताकदीचा व्यायाम दिला तर ते आणखी ताठ होतात असं पूर्वी सांगत, अजूनही कुणीतरी सांगतं. तसं होत नाही. ताठ स्नायू बहुधा कमजोरही असतो.

ताप आला, दात आले, लस दिली, एकदम उंची वाढली की ताठपणा वाढतो. त्या आठवड्यात फक्त बसणं, झोपणं, कडेवर घेणं नीट ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं. नोंदीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं: काम झालं त्या दिवशी फुली. महिन्यातून एकदा त्याच जागी, फक्त चड्डीवर, समोरून आणि बाजूने एकेक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, सहा महिन्यांचे व्हिडिओ ओळीने लावले की दिसतो. डॉक्टरांपुढे मूल हटून बसतं तेव्हाही हेच उपयोगी पडतात.

जेवणाबद्दल आम्ही बेसावध होतो, कारण डायप्लेजियात तोंडाचा त्रास कमी असतो असं धरून चाललो होतो. पाय पसरून त्यावर बाळाला उताणं निजवून भरवायची आपली पद्धत इथे धोक्याची. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते आणि घास तिकडे जाऊ शकतो. खुर्चीत सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि डोळ्यांच्या खालच्या पातळीवरून आणायचा. चमचा चपटा हवा. जिभेच्या मधल्या भागावर हलका दाबून थांबायचं, ओठ मिटून घास तो स्वतः ओढून घेईल. वरच्या दातांना घासून घास आत ढकलायचा नाही. पातळ वरण झटकन घशात उतरतं, त्यापेक्षा तूप घालून घोटलेला वरणभात सोपा. सगळ्यात अवघड म्हणजे पातळात दाणे: दुधातले पोहे, पाणीदार खिचडी, रसभाजी. तोंडात दोन वेगळ्या गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. नाचणीची घट्ट लापशी, मेतकूट-भात, कुस्करलेलं केळं यांवर आमचे बरेच महिने गेले. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जेवण लांबलं की तो थकतो आणि चुका होतात. खाताना वारंवार खोकला, डोळ्यांत पाणी, जेवणानंतर घशात घरघर किंवा ओलसर आवाज, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया यांतलं काही असेल तर घरचे प्रयोग थांबवून वाचातज्ज्ञ आणि डॉक्टर गाठा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. वजन दर महिन्याला अंगणवाडीत होतं, तेच लिहून ठेवायचं.

जानेवारी २०२३ मध्ये, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, खुब्याचा पहिला एक्स-रे झाला. तीनशे रुपये. हा आम्हाला कुणी आपणहून सांगितला नव्हता, विचारल्यावर लिहून दिला. सीपी असलेल्या साधारण तीन मुलांमागे एकाचा खुबा हळूहळू वाटीबाहेर सरकतो, आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळत नाही. स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांच्या खुब्यांवर नियमित लक्ष ठेवतात. मोजमापाला मायग्रेशन पर्सेंटेज म्हणतात: मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा किती टक्के भाग वाटीबाहेर आहे. तिसाच्या वर गेलं की लहान मुलांच्या अस्थितज्ज्ञांना दाखवायचंच. आमचे आकडे उजवीकडे १८, डावीकडे २४. सहा महिन्यांनी पुन्हा काढायला सांगितलं. काढताना पाय सरळ आणि गुडघ्याच्या वाट्या छताकडे हव्यात. पाय वाकडा राहिला तर आकडा फसवा येतो आणि मागच्याशी जुळवता येत नाही. आमची एक फिल्म अशीच वाया गेली. तंत्रज्ञाला आधी सांगा, जुन्या फिल्म कायम बरोबर ठेवा.

एएफओ म्हणजे प्लॅस्टिकचे स्प्लिंट, ज्यांना घरात सगळे बूटच म्हणतात, एप्रिलमध्ये मिळाले. साचा घेतल्यापासून पंधरा दिवस, जोडीला साडेसहा हजार. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासभर वाढवत सहा तासांपर्यंत. घालताना गुडघा दुमडायचा, टाच पूर्ण मागे बसवायची, सगळ्यात आधी घोट्यावरचा पट्टा लावायचा. टाच बसली नसेल तर उरलेले पट्टे कितीही आवळले तरी पाय आत वर चढतो. सुती मोजा सुरकुती न पडता, शिवण बाहेरच्या बाजूला करून. काढल्यावर कातडी बघायची. लाली वीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर तिथे दाब आहे, बनवणाऱ्याकडे परत न्यायचे. कापूस, पट्टी घालून चालवून घेऊ नये. वरचे बूट एक माप मोठे, आतला सोल काढून. अकरा महिन्यांत बोटं पुढे आली आणि नवी जोडी करावी लागली. हा खर्च दरवर्षीचा धरून ठेवा.

ऑगस्टमध्ये पोटऱ्यांना बोटॉक्स दिलं. एका ट्रस्टच्या रुग्णालयात, सगळं मिळून बावीस हजार, पाठोपाठ दोन आठवडे प्लास्टर. औषधाचा परिणाम तीन-चार महिने राहतो. इंजेक्शन पाय चालवत नाही, ताठपणा कमी असलेली एक खिडकी उघडतं. त्या तीन महिन्यांत आम्ही शाळेसारखं वेळापत्रक पाळलं, घरातलं एक लग्नही चुकवलं. याच काळात एक ओळखीचे गृहस्थ स्टेम सेलची माहिती घेऊन आले, खर्च काही लाखांत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सीपीसाठी स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीत वापरता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले तिथेच उत्तर मिळालं.

कागदपत्रांकडे आता येते, कारण प्रत्यक्षातही ती रखडतच झाली. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, संकेतस्थळावरूनच मिळतं. ऑनलाइन अर्ज, फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, रुग्णालय निवडणं, मग तिथल्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी हजर. आमचा पहिला अर्ज परत आला, कारण बाल आधारवर आडनाव एका तऱ्हेने आणि जन्मदाखल्यावर दुसऱ्या. ते दुरुस्त होऊन तपासणी व्हायला अडीच महिने लागले. बोर्डाच्या दिवशी सकाळी आठला पोहोचलो, नंबर दुपारी दोनला. पाणी, खाणं, पातळ गादी आणि एमआरआयची झेरॉक्स न्या, मूळ प्रत हातातून सोडू नका. ६० टक्के आणि ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळालं. मुदत संपायच्या तीन महिने आधी पुन्हा अर्ज करायचा, हे तेव्हाच फोनमध्ये लावून ठेवलं.

त्यानंतर निरामय विमा. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात सीपी येतं, म्हणून ही योजना मिळते: वर्षाला एक लाखापर्यंत, आधीची कुठलीही तपासणी न करता, आणि थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत बसतो. नोंदणीला दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५० रुपये, इतरांना ५००. अडचण येते ती पावतीची. फिजिओ वहीच्या कागदावर लिहून देतो, ते चालत नाही. छापील पावती, नोंदणी क्रमांक, तारीख, सही हे पहिल्या दिवसापासून मागा. आमच्या पहिल्या वर्षाच्या पावत्याच नव्हत्या. प्राप्तिकरात जुनी पद्धत निवडली असेल तर तेव्हाच्या कायद्याच्या ८०डीडी कलमाखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळायची, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००. सीपीसाठी १०-आयए हा वेगळा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागायचा. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, जिल्ह्याला दर आठवड्याला जाणाऱ्यांना तीही मोठी.

२०२४ हे वर्ष चालण्याचं. हालचालींच्या पाच पातळ्यांमध्ये तो तिसऱ्या पातळीवर आहे, म्हणजे हाताने धरायचं साधन घेऊन चालणारं मूल. ही पातळी कळली की कुठे ताकद लावायची ते ठरतं, आणि ‘कधी पळेल’ हा प्रश्न पाहुण्यांसाठी सोडून देता येतो. आजोबांनी आधी जुना पांगुळगाडा माळ्यावरून काढला. तो पुढे पळतो आणि मूल त्याच्यामागे वाकून ओढलं जातं, म्हणून आडव्या पट्टीवर दोन किलो तांदळाची पिशवी बांधली आणि मागच्या चाकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. तेवढ्याने वेग बराच कमी झाला. पण दांडा पुढे असल्याने कंबर वाकलेलीच राहायची. मे महिन्यात मागून ओढायचा वॉकर घेतला, वापरलेला, दुसऱ्या एका पालकांकडून, पाच हजारांत. हा अंगामागे राहतो, त्यामुळे पुढे रेलायला काही उरत नाही आणि पाठ सरळ होते. दांड्याची उंची खुब्याच्या पातळीला, कोपर किंचित वाकलेलं.

जूनमध्ये ओसरीतल्या ओसरीत चार पावलं होती. फरशीवर चाकं घसरत होती, म्हणून अंगणातल्या कोब्यावर गेलो. डिसेंबरच्या व्हिडिओत ओसरीपासून फाटकापर्यंतची अकरा मीटर, मधे एकदा थांबून, शेजारची मुलं पुढे उलटी चालत त्याला बोलावताहेत. परत येताना मात्र कडेवर.

अंगणवाडीत आता रोज दोन तास जातो. ताईंना खुर्चीचा पट्टा कुठून जातो आणि बुटाचा कुठला पट्टा आधी, हे फोटो काढून, छापून भिंतीवर चिकटवून दिलंय. पुढचा एक्स-रे जानेवारीत आहे. काल बूट घालताना डावा अंगठा कडेला टेकलेला दिसला, आणि खुर्चीची पायपट्टी शेवटच्या भोकाला पोहोचलीये. सुतारमामा संक्रांतीनंतर मोकळे आहेत म्हणाले.